ओटीचं रजिस्टर एक्सेलमध्ये भरलं, तर उशीर भलत्याच ठिकाणी सापडला

रजिस्टरवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. चहाचा विषय पुढं येणारच आहे.

मी डॉक्टर नाही. पुण्यात बरीच वर्षं कंपन्यांचे आकडे उपसले, आता बायकोच्या गावाकडं, बीड आणि लातूरच्या मधल्या पट्ट्यात राहतो. बायको भूलतज्ज्ञ आहे. ती ज्या तीन-चार दवाखान्यांत जाते त्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात दोन ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, आहेत. नाव विचारू नका. तिथं दर महिन्याच्या बैठकीत ठरलेलं भांडण असतं. लिस्ट, म्हणजे दिवसभराच्या ठरलेल्या ऑपरेशनांची यादी, तीनला संपायला हवी, ती सहा-साडेसहापर्यंत ताणते. सर्जन म्हणतात, दोन केसच्या मध्ये मामा-मावशी (ओटीतले मदतनीस) साफसफाईला वेळ लावतात. मामा म्हणतात, सामान ऑटोक्लेव्हमधून (वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्रातून) निघतच नाही. आणि दोघंही म्हणतात, भूलवाल्या मॅडम वेळेवर येत नाहीत. भूलवाल्या मॅडम म्हणजे आमच्या सौ. तिच्यावर आळ आला म्हणून मी रजिस्टर मागितलं, हे आधीच कबूल करतो.

वर्षभराचं ओटी रजिस्टर दिवाळीच्या सुट्टीत बसून एक्सेलमध्ये भरलं. रकाने नेहमीचेच: तारीख, नाव, वय, ऑपरेशन, सर्जन, भूल, सुरू, बंद, शेरा. (नावं मी घेतली नाहीत, फक्त अनुक्रमांक घेतला.) पहिला धक्का 'सुरू' या रकान्यानं दिला. एका सिस्टरच्या हिशोबानं 'सुरू' म्हणजे पेशंट आत आला. दुसरीच्या हिशोबानं भूल दिली. तिसरीच्या हिशोबानं चिरा घेतला. स्पायनल (पाठीच्या कण्यातून द्यायची भूल) आणि पोझिशन देण्यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, म्हणजे एकाच हर्नियाची तीन वेगवेगळी लांबी. शेवटी भूलेच्या कागदाशी ताडून बघावं लागलं, त्यावर दर पाच मिनिटांनी बीपीचा ठिपका असतो.

दुसरा धक्का: जवळजवळ सगळ्या वेळा ०, १५, ३० किंवा ४५ वर संपणाऱ्या. घड्याळ असं चालत नाही. रजिस्टर दुपारी जेवणाच्या आधी एका बैठकीत भरलं जात होतं. दोन केसमध्ये तर टाके चिऱ्याच्या आधीच पडलेले! रात्री बाराच्या पुढं गेलेले सिझर, आणि वेळ बारा तासांच्या घड्याळात लिहिलेली.

तिसरा धक्का मला समजायला आठवडा लागला. रद्द झालेली केस रजिस्टरमध्ये नसतेच. ऑपरेशन झालं नाही तर नोंद कशाची करणार? म्हणजे ज्या केसनं ओटीचा तास-दीड तास खाल्ला, ती वहीत अदृश्य. ती असते फक्त ओटीच्या दारावर चिकटपट्टीनं लावलेल्या लिस्टच्या कागदावर, आणि तो कागद संध्याकाळी फाडून टाकतात. मग मी मामांना विनंती केली, रोज फाडायच्या आधी मोबाइलवर फोटो पाठवा. सहा आठवड्यांचे फोटो जमले आणि चित्रच बदललं.

खरे आकडे इथं टाकायची परवानगी नाही. पण निष्कर्ष सांगतो: दोन केसच्या मधला वेळ, ज्यावरून सगळं रामायण चाललं होतं, तो वेळ खाण्यात तिसऱ्या नंबरवर निघाला. पहिल्या नंबरवर त्याच दिवशी सकाळी रद्द झालेल्या केसेस. दुसऱ्यावर पहिलीच केस उशिरा सुरू होणं. आणि या दोन्हींचं मूळ ओटीत नाहीच, आदल्या संध्याकाळी वॉर्डात आहे. फिटनेस (ऑपरेशन झेपेल असा डॉक्टरचा शेरा) बाकी, रक्ताची सोय नाही, सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी आली नाही, सही करणारं माणूस गावाकडं गेलेलं, किंवा पेशंटनं सकाळी चहा घेतलेला.

तुमच्याकडं कसं आहे? ओटीत काम करणाऱ्यांनी लिहावं.

भूलचूक_नांदेड

आधी वहिनींना नमस्कार सांगा. भूलवाल्यांवर आळ येणं हा आमचा कुळाचार आहे.

आता खरं ते. तुमच्या वहीत 'मॅडम उशिरा' दिसेल, पण का ते एका दवाखान्याच्या वहीत कधीच दिसणार नाही. सकाळी नऊला माझं नाव तीन दवाखान्यांच्या लिस्टवर असतं. तिघांनाही पहिली केस नऊलाच हवी. एकाकडं दहा, दुसऱ्याकडं साडेअकरा होतात आणि तिन्हीकडं मी बदनाम. मोठ्या शहरात ओटी कमी पडते, म्हणून ते ओटीच्या तासांचा हिशोब मांडतात. आपल्याकडं ओटी रिकामी असते, भूल देणारा माणूस कमी पडतो. जे कमी पडतं त्याचं वेळापत्रक आधी लावायचं, बाकीच्यांनी त्याच्यामागून यायचं.

मी दोन दवाखान्यांना हात जोडून सांगितलं, एकानं आठला सुरू करा, दुसऱ्यानं साडेअकराला. आठवाल्या सर्जननी महिनाभर तोंड वाकडं केलं. आता दुपारी घरी जेवायला मिळतं म्हणून तेच इतरांना सांगत फिरतात.

सिस्टर_परभणी

दादा, वही दुपारी भरतो हे खरंय, पण कामून ते बी लिहा. हात धुऊन गाऊन-ग्लोव्हज घातल्यावर पेन कोण धरणार? बाहेरची फ्लोअर सिस्टर एकच असते. तिनं सलाईन बघायचं, मॉप मोजायचे, सक्शन जोडायचं, बायोप्सीची बाटली भरायची, का घड्याळ बघून मिनिट लिहायचं? आमच्या ओटीतलं घड्याळ आन् ऑफिसातलं कॉम्प्युटरचं घड्याळ यात सात मिनिटांचा फरक होता. दोन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता चहाचं सांगते. वॉर्डात रात्री आपण सांगतो, "सकाळी उपाशी राहा." आमच्याकडच्या बायकांना उपाशी म्हणलं की उपास कळतो. एका मावशीनं साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, गर्भपिशवीच्या ऑपरेशनच्या दिवशी. वर मलाच म्हणल्या, "उपासच धरलाय की बाई, अन्न कुठं खाल्लं?" काय बोलणार! तवापासून मी 'उपाशी' हा शब्दच सोडलाय. "रात्री बारानंतर चहा नाही, दूध नाही, फळ नाही, तंबाखू नाही" असं एकेक नाव घेऊन सांगते.

भूलचूक_नांदेड

सिस्टर, तुम्हाला दंडवत. यात एक भर. नियम बारा वाजेचा नाहीच. अन्न आणि दूध भूलेच्या सहा तास आधीपर्यंत चालतं, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा म्हणजे दूधच. पण आपण सरसकट सगळ्यांना रात्री बारा सांगतो आणि लिस्टमधल्या शेवटच्या पेशंटचा नंबर दुपारी तीनला लागतो. म्हातारं माणूस पंधरा तास पाण्याच्या थेंबाशिवाय. मग शीर सापडत नाही, बीपी पडतं, आणखी वीस मिनिटं. केसची अंदाजे वेळ धड माहीत असेल तर प्रत्येकाला वेगळी वेळ सांगता येते. आकड्यांचा हा उपयोग मला ओटीच्या टक्केवारीपेक्षा मोठा वाटतो.

एचआयएसवाला

छान धागा. पण हे सगळं हातानं का करताय? आमच्या एचआयएसमध्ये, म्हणजे दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, एआय मॉड्यूल आहे, ते केसची वेळ आपोआप वर्तवतं. डॅशबोर्ड लाइव्ह. व्यक्तिगत निरोप पाठवा.

रजिस्टरवाला

साहेब, जाहिरातीला वेगळा विभाग आहे. आणि एक प्रश्न: तुमचं मॉड्यूल 'सुरू'च्या रकान्यातून शिकणार ना? तीन सिस्टर तीन अर्थांनी लिहितात त्याच रकान्यातून?

गणितमास्तर_लातूर

मला ओटीतलं काही कळत नाही, पण आकड्यांबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मास्तर माणूस.

एक. सरासरी वापरू नका. समजा पाच हर्निया झाले: ४५, ५०, ५५, ६० आणि १४० मिनिटं. शेवटच्यात आतडं अडकलेलं होतं. सरासरी ७० येते, पण पाचातले चार ६० च्या आत आहेत. मधला आकडा ५५. ऑपरेशनच्या वेळा कधीच दोन्ही बाजूंना सारख्या पसरत नाहीत. शून्याच्या खाली जाता येत नाही, वर मात्र कितीही जाता येतं, म्हणून उजवीकडं लांब शेपूट राहतं. २००० साली स्ट्रम, मे आणि व्हर्गास यांनी हेच दाखवलं होतं, की वेळेचा लॉगॅरिदम घेतला तर घंटेसारखा आलेख बराच नीट बसतो. एक्सेलमध्ये एलएन (लॉगॅरिदमचं सूत्र) लावा, मग बघा.

दोन. ही चूक शहाणी माणसंही करतात: प्रत्येक केसला वेगळी उशी, म्हणजे राखीव जादा वेळ, लावणं. समजा तीन केस, प्रत्येकी सरासरी ६० मिनिटं, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) २०. दहापैकी आठ वेळा पुरेल इतका वेळ द्यायचा ठरवला, तर एका केसला साधारण ७७ मिनिटं लागतात. तिन्हींचे मिळून २३१. पण तिन्ही केस एकाच दिवशी लांबत नाहीत, एक लांबते तेव्हा दुसरी आटपते. तिघींच्या बेरजेचं विचलन ६० होत नाही, २० गुणिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे ३५ च्या आसपास. दिवसाला मिळून २०९ मिनिटं पुरतात. बावीस मिनिटं फुकट वाचली. उशी दिवसाला एक लावा, प्रत्येक डोक्याखाली नको. (घंटेचा आलेख धरून केलेलं ढोबळ गणित आहे, शेपूट लांब असेल तर थोडं पुढंमागं.)

आता उशी किती जाड, तर ते पेपर विकणाऱ्या पोराचं गणित आहे. जास्त पेपर उचलले तर रद्दी, कमी उचलले तर गिऱ्हाईक परत. ओटी तासभर रिकामी राहिल्याचा तोटा एक धरा आणि लिस्ट तासभर लांबल्याचा तोटा दोन धरा, तर तीनपैकी दोन दिवस पुरेल इतका वेळ राखून ठेवायचा. दोन धरायचा का तीन, हे गणित सांगणार नाही. ते संध्याकाळी सहाला घरी लेकरं वाट बघत असलेल्या सिस्टरला विचारा.

अवांतर: आमच्या गावाचा 'पॅटर्न' पाठांतराचा म्हणून बदनाम आहे, पण वर्गमूळ आम्हाला समजून येतं.

प्लेट_आणि_स्क्रू

+१ मास्तर. मी हाडांचा सर्जन. आमच्या जमातीवरचा आरोप मीच लिहितो, दुसऱ्या कुणी लिहायच्या आत. "सर, केवढा वेळ?" असं विचारलं की आम्ही "तास" म्हणतो. तो तास चिऱ्यापासून टाक्यांपर्यंतचा असतो. स्पायनल, टेबलावर पोझिशन, सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र) लावणं, शेवटी प्लास्टर, हे आमच्या तासात नसतंच. खोटं बोलत नाही हो, आमच्यासाठी ऑपरेशन खरंच तेवढंच असतं. केस पोस्ट करताना वेळ विचारूच नका. माझ्या मागच्या दहा मांडीच्या केसेस काढा, पेशंट आत ते पेशंट बाहेर, मधला आकडा लिहा आणि मला फक्त दाखवा. मी भांडेन, पण आकडा बदलू नका.

पण लिस्टचा क्रम निव्वळ आकड्यांवर लावाल तर फसाल. गणित म्हणतं, लहान आणि भरवशाच्या केस आधी घ्या, म्हणजे मागच्यांचं वाट बघणं कमी होतं. बरोबर आहे. पण लहान लेकरू आणि शुगरचा पेशंट सकाळीच घ्यावा लागतो आणि पू झालेली केस शेवटी. आणि आमचं सामान! इम्प्लांटचा (हाडात बसवायच्या प्लेट-स्क्रूंचा) ट्रे जिल्ह्याच्या गावावरून सकाळच्या एसटीनं येतो. ट्रे आला की १२१ अंशांवर, १५ पौंड दाबावर शिजवायचा, सुकवायचा, थंड करायचा, यात तास-सव्वा तास जातो. घाईचं निर्जंतुकीकरण इम्प्लांटला चालत नाही. लिस्टवर ९:०० लिहिलंय आणि ट्रे अजून मांजरसुंब्याच्या फाट्यावर. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातुरात होतो, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा. आमच्याकडं टँकर आला तरच ऑटोक्लेव्ह चालायचा. तेव्हा लिस्टवर सर्जनच्या नावाआधी टँकरवाल्याचं नाव लिहायला हवं होतं.

एचआयएसवाला

जाहिरातीबद्दल माफी. तरीही मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण कुणी दिलं नाही याचं नवल वाटतं. १९७६ ला डॉ. व्यंकटस्वामींनी सुरू केलं. एका सर्जनला दोन टेबलं, एकावर मोतीबिंदू चालू असतो तेव्हा दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार. सर्जननं फक्त मायक्रोस्कोप फिरवायचा. मग मध्ये वेळ जातोच कुठं?

भूलचूक_नांदेड

अरविंदला नमस्कार आहेच. पण तिथं दिवसभर एकच ऑपरेशन, डोळ्यापुरती भूल, पेशंट जागा, आणि सगळी तयारी शिकवून तरबेज केलेल्या मुली करतात. आमच्या लिस्टवर हर्नियानंतर पित्ताशय, मग मांडीचं हाड आणि मध्येच सिझर. टेबलं दोन मांडली तरी भूल देणारा मी एकच. एकाला झोपवून दुसऱ्याकडं पळालो तर उद्या पेपरात येईन. मात्र एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: पुढचा पेशंट दारात तयार असणं.

दोन केसमधली पाच-पाच मिनिटं वाचवण्यावर मामा-मावशींच्या मागं लागणाऱ्यांसाठी: चार केसेसच्या लिस्टमध्ये मधल्या जागा तीनच. पंधरा मिनिटं वाचली. पंधरा मिनिटांत कुठली केस बसते? फरशी नीट पुसू द्या त्यांना.

गणितमास्तर_लातूर

सिझरचा उल्लेख झाला म्हणून. "सरासरी रोज एक येतं" म्हणून रोज एका सिझरची जागा राखून भागत नाही. अचानक येणाऱ्या गोष्टींचा हिशोब पॉयसाँच्या सूत्रानं केला, तर सरासरी एक असताना १०० पैकी ३७ दिवस एकही येत नाही आणि २६ दिवस दोन किंवा जास्त येतात.

प्लेट_आणि_स्क्रू

आणि ते २६ दिवस नेमके माझ्या लिस्टचे असतात. 😀

दिवसांवरून आठवलं. रजिस्टरवाले, तुम्ही महिनावार आलेख काढलाय का? मराठवाड्यात कॅलेंडर दोन लागतात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्यात परततात. तोवर हर्निया-हायड्रोसील गावात उरतच नाहीत. आल्यावर सगळे एकदम. त्यात अमावस्येला आणि पितृपक्षात साधं ऑपरेशन कुणी करून घेत नाही. तुमची 'मंगळवारची सरासरी' यात वाहून जाते.

रजिस्टरवाला

काढला होता, आणि तो खड्डा बघून मला वाटलं रजिस्टरची पानं हरवली. सौ. हसली. आता एक्सेलमध्ये तिथीचा रकाना आहे. पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेबांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही की माझ्या मॉडेलमध्ये 'अमावस्या: हो/नाही' असा रकाना आहे आणि तो 'आठवड्याचा वार' पेक्षा चांगलं काम करतो.

हिंगोलीचा_पाव्हणा

मी दवाखान्यातला माणूस नाही, बापाला घेऊन फिरणारा आहे. तुम्ही सगळे शिकलेले लोक तासांचा हिशोब करायलात, आमचा बी मांडा. बापाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन तीनदा पुढं गेलं. दवाखान्याचं नाव घेत नाही, माणसं चांगली हायत. पहिल्यांदा शुगर वाढली. दुसऱ्यांदा योजनेचं अप्रूव्हल आलं नाही, रेशनकार्डावर आन् आधारावर नावाचं स्पेलिंग वेगळं. तिसऱ्यांदा सगळं होतं, लिस्टवर नाव होतं, दुपारी चारला सांगितलं, "आज वेळ संपला, उद्या बघू." बाप सकाळपासून उपाशी, लघवीची पिशवी लावलेली. दर टायमाला मी आन् भाऊ दोघांची मजुरी बुडाली, गाडीभाडं वेगळं.

शुगर काही त्या सकाळी वाढली नव्हती ना? स्पेलिंग बी जन्मापासून तसंच होतं. आदल्या दिवशी एक फोन केला असता तर?

सिस्टर_परभणी

भाऊ, बरोबर बोललात. आम्हाला बी वाईट वाटतं, पेशंटला परत वॉर्डात नेताना त्याच्या तोंडाकडं बघवत नाही.

रजिस्टरवाला

(तीन आठवड्यांनी) पाव्हण्यांच्या प्रतिसादानंतर बैठकीत मी आलेख दाखवलाच नाही, तो प्रतिसाद वाचून दाखवला. दहा मिनिटं मामा-मावशींचं कुणी नाव काढलं नाही.

ठरलं ते असं. रोज संध्याकाळी पाचला वॉर्ड सिस्टर, आरोग्यमित्र (योजनेची कागदपत्रं बघणारा) आणि भूलतज्ज्ञ (फोनवर का होईना) उद्याच्या लिस्टवर बसतात. प्रत्येक नावापुढं फिटनेस, रिपोर्ट, रक्त, मंजुरी, सही करणारा नातेवाईक आणि खाणं कधी बंद. एकही खूण राहिली तर ती केस मागं जाते आणि परवाच्या लिस्टमधली तयार असलेली पुढं येते. जे गावाहून सकाळी येणार असतात त्यांना फोन. लिस्टचा कागद आता फाडत नाहीत, फाइलला लावतात, आणि रद्द केसपुढं कारण लिहितात. कारण 'पेशंट तयार नव्हता' असं लिहायचं नाही, कोण काय करायचं राहिलं ते लिहायचं. यावरून दोनदा वाजलं.

वेळ लिहायचं काम सिस्टरकडून काढलं. दाराशी फळा टांगलाय, पेशंट आत-बाहेर नेणारे मामाच त्यावर वेळ टाकतात, आतल्या वेळा भूलेच्या कागदावरून. घड्याळं जुळवली.

सकाळच्या रद्द केसेस कमी झाल्यात, डोळ्याला दिसण्याइतक्या. पण तीन आठवड्यांवरून मी छाती फुगवणार नाही, त्यात एक अमावस्या आणि एक लग्नाची तीथ गेली. पहिल्या केसचं मात्र वेगळंच झालं. बैठकीत "नऊच्या आत पेशंट आत" यावर टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या आठवड्यापासून फळ्यावर रोज ८:५५! मामांना विचारलं. म्हणाले, "पेशंट आतच असतो की साहेब, डॉक्टर नसतात." म्हणजे म्हातारी माणसं गार ओटीत पाऊण तास झोपून, आणि माझा आलेख हिरवागार. ते लक्ष्य मी काढून टाकायला लावलं. आता पेशंट आत ते भूल, हा वेळ बघतोय. त्यात सौ. पण सापडली, दोनदा. घरी दोन दिवस शांतता होती.

भूलचूक_नांदेड

दोनच दिवस? नशीबवान आहात. त्या ट्रस्टवाल्यांना सांगा, वहिनी जातात त्या बाकीच्या दवाखान्यांनाही पाचच्या फोनवर घ्या. नाहीतर तुमची लिस्ट सुधारेल आणि उशीर शेजारच्या दवाखान्यात जाऊन बसेल.

हिंगोलीचा_पाव्हणा

बापाचं झालं मागच्या गुरुवारी. आता बरं हाय. आदल्या दिवशी फोन आला नाही, मीच केला.

रजिस्टरवाला

ऐकून बरं वाटलं, बापूंना नमस्कार सांगा. फोनचं म्हणाल तर आज संध्याकाळी सहा नावं होती, तिघांचा लागला. एकाच्या वाडीत रेंज नाही, शेजारच्या किराणा दुकानदाराचा नंबर मिळालाय, तो निरोप देतो म्हणालाय. दोघांचे बंद. त्यांच्या जागी कोण तयार आहे ते शोधायला सिस्टर आत्ता वॉर्डात गेल्यात.